माझ्यानंतर मुलासाठी फॅमिली ट्रस्ट करावा का? फ्लॅट त्यात घालावा का?

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन नागपूरला असते, तिला दोन मुलं. धाकटा मुलगा सोनू 34 वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. स्वतःचं सगळं आवरतो, कोपऱ्यावरून दूध-पाव आणतो, पण शंभराची नोट दिली तर परत किती आले ते बघत नाही. दुकानदार भला माणूस, म्हणून चाललंय.

फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर. एफडी आणि फंड मिळून 40 लाखांच्या आसपास. शिवाय तासगाव तालुक्यात सासरची द्राक्षबाग, दिरांबरोबर सामाईक. मुलीच्या मनात काही वाकडं नाही, जावईही समजूतदार आहेत. पण मी गेल्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षं सगळं असंच राहील याची हमी कोण देणार?

बँकेतल्या एक बाई म्हणाल्या, "फॅमिली ट्रस्ट करा, मग कोणी हात लावू शकत नाही." एका वकिलांकडे गेले तर त्यांनी फी सांगितली, समजावून काहीच सांगितलं नाही. ट्रस्ट म्हटलं की मला देवस्थान नाहीतर शिक्षणसंस्था आठवते. घरच्या माणसासाठी असा करतात का? आणि फ्लॅट त्यात घालायचा का?

कोथरूडचा_विकी

काकू, एवढं कशाला? फ्लॅट मुलीच्या नावे बक्षीसपत्र करून टाका. महाराष्ट्रात मुला-मुलीला राहतं घर बक्षीस द्यायला 200 रुपयांचा मुद्रांक, वर थोडा अधिभार आणि नोंदणीचा खर्च. ती भावाला सांभाळेलच. ट्रस्ट वगैरे अंबानींची कामं.

ओंकारचे_बाबा

विकी, दोनशे रुपये पाहिलेस, पुढचं पाहा. बक्षीस दिलं की घर ताईंच्या मुलीचं झालं. उद्या देव न करो ती आधी गेली आणि तिचं मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ते घर तिच्या नवऱ्याला आणि मुलांना जाईल. भावाचा त्यात नंबरच नाही. ती कुठे कर्जाला जामीन राहिली तर त्यातही ते घर ओढलं जाणार. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस रद्द करून घेता येतं, पण ते आई-वडिलांना सांभाळलं नाही म्हणून. भावाला सांभाळलं नाही, यासाठी ते कलम कामाचं नाही.

मिरजकरीणताई, मी ठाण्यात असतो. माझा ओंकार ऑटिस्टिक आहे, त्याच्यासाठी आम्ही ट्रस्ट केलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

देवस्थानाचा तो सार्वजनिक ट्रस्ट, तो धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात. तुम्हाला हवा तो खाजगी ट्रस्ट, भारतीय न्यास अधिनियम 1882 खालचा. त्याचा धर्मादाय आयुक्तांशी काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण ट्रस्टचं खातं उघडायला गेलो तेव्हा बँकेतला मुलगा धर्मादायचं सर्टिफिकेट मागत बसला होता. त्याच्या साहेबांना कायद्याचं पहिलं पान दाखवलं तेव्हा गाडी पुढे सरकली. ट्रस्टचा पॅन वेगळा, खातं वेगळं, रिटर्न दरवर्षी भरायचं.

आता "कोणी हात लावू शकत नाही" याबद्दल. ट्रस्टी, म्हणजे मुलासाठी ही मालमत्ता सांभाळणारा माणूस, हात लावणारच, त्यासाठीच तर नेमायचा. सगळा खेळ ट्रस्टी कोण आणि डीडमध्ये (ट्रस्टच्या दस्तात) काय लिहिलंय याचा आहे. बहुतेक वकील जुन्या डीडमधली नावं बदलून देतात. तुम्ही ही कलमं वाचून घ्या.

पहिलं म्हणजे, डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर कायद्याने सगळ्या ट्रस्टींनी मिळूनच निर्णय घ्यायचा असतो. तीन ट्रस्टी, त्यातला एक अमेरिकेत, तर डॉक्टरचं बिल भरायलाही त्याची सही. आमच्या डीडमध्ये नेहमीच्या खर्चाला कोणीही दोघं आणि घर विकायला तिघंही, असं आहे. दुसरं, ट्रस्टी वारला किंवा कंटाळला तर पुढचा कोण, हे नावानिशी लिहा, आणि त्या नावांमागेही आणखी एक नाव ठेवा. तुमचा मुलगा 34 चा, आणि तुमच्या वयाची माणसं त्याला कुठवर पुरणार? तिसरं, ट्रस्टीला मोबदला डीडमध्ये लिहिला नसेल तर तो हक्काने मागता येत नाही. नातेवाईक फुकट करतील, हे पहिली दोन वर्षं खरं असतं. वार्षिक एक छोटी रक्कम लिहून टाका, माणूस मन लावून करतो. हिशेब कोणी बाहेरच्याने तपासायचा, हेही घाला.

टॅक्सचं थोडक्यात. ट्रस्ट रद्द करायचा हक्क तुम्ही स्वतःकडे ठेवलात तर उत्पन्न तुमच्याच रिटर्नमध्ये येईल. लाभार्थी आणि त्याचा हिस्सा डीडमध्ये पक्का असेल तर साधारणपणे त्याच्या स्लॅबने कर लागतो. कोणाला किती द्यायचं ते ट्रस्टींच्या मर्जीवर सोडलंत तर सर्वात वरच्या दराने लागू शकतो. मृत्युपत्रातून फक्त अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी केलेला एकमेव ट्रस्ट असेल तर मात्र त्या वरच्या दरातून सूट आहे. सीएला हे आधी विचारा, डीड झाल्यावर नको.

आणि डीडबरोबर एक साधं पत्र लिहून ठेवा. कायद्याने त्याला फार वजन नाही, पण उद्या जो सांभाळेल त्याला तेच कामाला येईल. आमच्या पत्रात ओंकारच्या गोळ्या आहेत, त्याचा डेंटिस्ट आहे, आणि मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगायचं, नाहीतर तो कान दाबून बाथरूममध्ये जातो, हेही आहे. बायकोने लिहिलंय, मी फक्त टाइप केलं.

निवृत्त_दस्तनोंदणी

वरच्या गृहस्थांनी चांगलं लिहिलंय. माझी भर घराबद्दल आणि जमिनीबद्दल.

विकींनी सांगितलेली 200 रुपयांची सवलत ठराविक नात्यांना आहे. ट्रस्ट म्हणजे मुलगा नव्हे. आज फ्लॅट ट्रस्टच्या नावे केलात तर बाजारमूल्यावर टक्केवारीने मुद्रांक भरावा लागेल, आणि स्थावर आहे म्हणजे डीड नोंदवावंच लागेल. मृत्युपत्राला मुद्रांक नाही. म्हणून आत्ता रोख रकमेचा ट्रस्ट करा आणि फ्लॅट मृत्युपत्राने त्याच ट्रस्टच्या ट्रस्टींना द्या. दोन साक्षीदार तुमच्याहून लहान वयाचे घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. मिरजेच्या मिळकतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, कधीच सक्तीचं नव्हतं.

रोख रकमेचा ट्रस्ट हयातीत का, तर उद्या तुम्हालाच विस्मरण झालं तर मृत्युपत्र काही करत नाही. ते तुम्ही गेल्यावरच उघडतं. मधली वर्षं ट्रस्ट चालवेल.

बागेत मात्र हात घालू नका. मिस्टर मृत्युपत्राशिवाय गेले असतील तर त्यांच्या हिश्श्याला तुम्ही, मुलगी आणि मुलगा तिघंही वारस. सातबारा काढून बघा, मुलाचं नाव त्यावर असायला हवं. त्याचा हिस्सा त्याचाच, तो तुम्ही कुठेच देऊ शकत नाही. शिवाय शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देण्यावर कुळकायद्याचं बंधन आहे, आणि ट्रस्ट काही शेतकरी नव्हे.

हे वाचणाऱ्या धंदेवाल्यांसाठी: कर्ज थकल्यावर घाईने केलेला ट्रस्ट सावकारांना चुकवण्यासाठी होता असं दिसलं तर कोर्ट तो बाजूला सारतं.

मिरजकरीण

तुम्हा दोघांचे आभार कसे मानू. सातबारा काढला. मुलाचं नाव खरंच आहे, आणि मी इतकी वर्षं त्याच्याकडे माझाच हिस्सा म्हणून बघत होते. आता दोन शंका. मुलाचे कायदेशीर पालक मीच ना? आणि ट्रस्टी म्हणून दिरांचा मुलगा कसा वाटतो? वकील आहे, सांगलीतच असतो, सोनूशी प्रेमाने वागतो.

ओंकारचे_बाबा

ताई, तो 18 चा झाला तेव्हाच तुमचं पालकत्व कायद्याच्या दृष्टीने संपलं. नॅशनल ट्रस्ट अधिनियम 1999 खाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी प्रमुख. तिच्याकडे पालक म्हणून नेमणुकीसाठी अर्ज करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी ही सोय आहे, सोनू त्यात बसतो. पालक झालं की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची, मग दरवर्षी हिशेब. बागेतला त्याचा हिस्सा त्या यादीत येईल. तुमच्यामागे पालक मुलगी होऊ दे, पण ट्रस्टचे पैसे तिच्या एकटीच्या हातात नकोत. दोन वेगळी माणसं असली की एकाला दुसऱ्याला विचारावं लागतं.

पुतण्या माणूस म्हणून उत्तम असेल, मला शंका नाही. पण बागेचं वाटप झालेलं नाही, आणि वाटपात समोर त्याचे वडील आहेत. उद्या सोनूच्या वाट्याला पाण्याची बाजू मिळावी असं म्हणायची वेळ आली तर तो कोणाच्या बाजूने बोलणार? आधी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटप करून घ्या. दीर तयार असतील तर हे अवघड नाही. वाटप झाल्यावर त्याला खुशाल ट्रस्टी करा.

आणि या सगळ्याआधी एक काम. तुमच्यामागे दिव्यांग मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्याचं नाव आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तुमच्या पेन्शनच्या कागदांत लागलंय का, ते शिक्षण विभागात जाऊन बघा. ट्रस्ट दोन महिने लांबला तरी चालेल, हे लांबवू नका.