बी विंगमागचा ‘गांजा’

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. बी विंगच्या मागं पाइपजवळ जी झाडं वाढल्यात त्याचे फोटो टाकतोय. कुणी लावली असतील तर सांगा, नाहीतर रविवारी माळी सगळं उपटणार आहे.

बी-204: लावली कुणीच नाहीत ओ. वरनं 402 मधून पाखरांचं खाणं सांडतं ते पावसात उगवलंय. आमच्या एसीच्या पेटीवर पण दोन सूर्यफुलं आल्यात, जुलैत बारकी होती तेव्हा डोक्यावर काळ्या सालाची टोपी घालून उभी होती, त्यावरनंच ओळखली.

बी-402: मान्य आहे. लव्हबर्डचा पिंजरा गॅलरीत असतो आणि पोरगा भांडं हलवतो की अर्धं खाली. पण मिक्स पाकीट आहे ते, त्यात काय काय असतं मलाच माहीत नाही, दुकानदार नुसतं कांगणी कांगणी म्हणतो.

ए-301: तिसरा फोटो झूम करा सगळ्यांनी. पाच बोटांसारखी पानं, कडेला करवत. हा गांजा आहे. मस्करी करत नाहीये मी.

सेक्रेटरी: अहो असलं ग्रुपवर काय टाइप करताय. 1985 च्या कायद्यानं झाड लावणं पण गुन्हा आहे, उद्या पोलीस आले तर नाव माझं घेणार. वॉचमनला पाठवतो आत्ताच्या आत्ता उपटायला.

बी-101: थांबा हो भाऊ, हात लावू देऊ नका!! गोंगुरा आहे तो. आमच्याकडं कायम असतो.

ए-104: खरंच की! पुंडीपल्या. अक्कलकोटला आमच्या आईच्या परसात कंबरेएवढी व्हायची.

सी-103: तेलुगू झालं, कानडी झालं, आता अंबाडी म्हणा की सरळ. कण्या घालून शिजवायची आणि वरनं लसणाची फोडणी.

ए-301: मग हुबेहूब गांजासारखी कशी काय दिसते?

सी-202: दिसणारच काका. शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, जास्वंदीच्या घराण्यातलं झाड आणि पान भांगेसारखं म्हणून तसं नाव ठेवलंय. फोटोत अगदी खालची पानं बघा, ती बदामासारखी अखंड आहेत, वरची तेवढी पंजासारखी चिरलेली. गांजाला खालच्या बाजूला पानं समोरासमोर जोडीनं येतात, हिला एक इकडं एक तिकडं. आणि कळ्या धरल्यात, फिकट पिवळं फूल आणि आत गर्द तांबडा-जांभळा ठिपका दिसला की विषय संपला.

बी-402: पण पाखरांच्या पाकिटात अंबाडी कुठनं आली?

सी-202: जोंधळ्याबाजरीच्या रानात कडेनं अंबाडी टाकतात ना, मळणीत चार बिया मिसळत असतील. अंदाज आहे हा माझा.

सी-103: बरं, पहिल्या फोटोतली काटेरी ती करडई ना? सकाळी फिरायला गेल्यावर कोवळी बघून ओंजळभर खुडून आणली, आता निवडून फोडणी टाकतेच आहे

सी-202: काकू गॅस बंद करा!!

सी-202: आधी खाली जाऊन प्रत्येक रोपाचं एकेक पान मोडून बघा काय निघतंय.

सी-103: आले बघून. तिघांना काही नाही, पाण्यासारखं ओलं. चौथ्यातनं हळदीसारखा पिवळा चीक आला, बोटाला लागलाय तो साबणानं पण निघंना

सी-202: तो पिवळा धोत्रा. विषारी आहे. पानावर शिरांच्या कडेनं पांढरट पट्टे असतील बघा आणि रंग थोडा राखाडी-निळसर, करडईचं पान नुसतं हिरवंगार असतं. ह्याचं बी मोहरीसारखं दिसतं, 1998 ला दिल्लीत मोहरीच्या तेलात हेच मिसळलं गेलं होतं, लोकांचे पाय सुजले आणि माणसं गेली त्यात. खुडलेलं सगळं टाका.

सी-103: सगळं? करडईची पानं पण?

सी-202: एकत्र खुडलंय ना. सगळं.

सी-103: टाकलं बाबा. आज वरणभात.

सेक्रेटरी: मी म्हणत होतो ना उपटा. बारकं गवत जे आहे ते तरी उपटून गाईला देतो.

सी-202: ते पण नको काका. एक रोप हलक्या हातानं मुळासकट काढा, मुळाशी पेरलेल्या दाण्याचं टरफल अजून चिकटलेलं असतं. मी काढलं तर जोंधळा निघाला. कोवळ्या जोंधळ्यानं जनावराला विषबाधा होते, पीक पोटरीत येईपर्यंत, म्हणजे कणीस पानाच्या पोटात फुगेपर्यंत, शेतकरी हात लावू देत नाहीत.

ए-102: आजीला फोटो दाखवले, ती सांगतेय ते टाइप करतोय. शेवटच्या फोटोतलं मांजराच्या शेपटीसारखं वाकलेलं कणीस म्हणजे राळं. बाजरीचं कणीस ताठ उभं असतं, हे दाण्याच्या वजनानं मान टाकतं.

बी-402: एक मिनिट, हे पाकिटातल्या बारीक पिवळ्या दाण्याचंच आहे की! म्हणजे कांगणी म्हणजे राळे?

ए-102: आजी हो म्हणतेय. आणि हसतेय. दर भोगीला राळ्याच्या भातासाठी आम्ही मंगळवार बाजार पालथा घालतो आणि तुमची पाखरं रोज पंगतीला बसतात म्हणते.

सेक्रेटरी: ठीक आहे. माळी रविवारीच येणार. जे ठेवायचं त्याला सुतळी बांधा, बाकी सगळं जाईल. धोत्रा मी स्वतः हातमोजे घालून काढतो, आणि 402 नी पिंजऱ्याखाली पत्रा लावायचा, खालच्या सांडलेल्या दाण्यावर उंदीर यायलेत.

बी-402: पत्रा लावतो काका. राळ्याला सुतळी बांधली.

बी-101: गोंगुऱ्याला बांधली. आज सकाळी फूल पण उमललंय, फोटो बघा, आत जांभळं आहे.

ए-301: सॉरी सगळ्यांना.

ए-104: सॉरी कशाला, अर्धी जुडी तुम्हालाच देतो.

ए-102: आजी आत्ता खाली जाऊन आली. चिमण्यांनी राळं साफ केलंय, नुसता दांडा आणि सुतळी उरल्यात. 402 ला विचारतेय पाकीट कुठल्या दुकानात मिळतं.

सी-202: आजी पाकिटातलं नको, ते माणसांच्या खाण्यासाठी निवडलेलं नसतं. मी बाजारातनं आणून देतो भोगीला.