फेस दाट म्हणजे काम झालं असं नाही
गाडी धुताना फोम गन (शाम्पूचा फेस फवारणारी बंदूक) मारली की हाताने घासायची गरजच नाही, असं कुणीतरी म्हटलंय. पटलं नाही. फेस धूळ-माती भिजवून सैल करतो. रंगाला चिकटलेला मळाचा पातळ थर मिटनेच (हातात घालायच्या मऊ वॉश मोज्याने) निघतो. पण फेसाशिवाय थेट घासलं तर तीच माती बारीक ओरखडे उमटवते, म्हणून तो हवाच. आधी साध्या पाण्याने सुटी माती उडवा, मग फेस चार-पाच मिनिटं राहू द्या, सुकू मात्र देऊ नका. तापलेल्या बॉनेटवर तर नकोच, डाग पडतात. शाम्पू पीएच न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही असा) घ्या. भांड्यांचा साबण रंगावरचा वॅक्सचा संरक्षक थर उतरवतो (फेस झकास करतो, ते सोडा). बागेच्या पाइपला लावायच्या गनचा फेस पातळच येतो, दाट हवा असेल तर प्रेशर वॉशर लागेल.