मदत हवी आहे: मार्सियानो की टायसन?

मंडळी, इंदूरहून बॉक्सिंगवरचं एक घरगुती भांडण तुमच्यापुढे ठेवतोय: पन्नाशीच्या दशकातला हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो आणि ऐंशीच्या दशकातला माइक टायसन समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? रविवारी पोह्यांवर शेव घालता घालता काका बोलून गेले, "तुझ्या टायसनला माझ्या मार्सियानोनं झोपवलं असतं." बस, तेव्हापासून जेवतानाही हाच विषय. हरेल त्यानं अख्ख्या घराला सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खिलवायचा, असं ठरलंय. आम्ही नऊ जण आहोत!

माझं म्हणणं, १९८६ साली विसाव्या वर्षी तेव्हाच्या विजेत्या बर्बिकला दुसऱ्याच राउंडमध्ये लोळवणारा टायसन घ्या. वजन १०० किलो. मार्सियानो जेमतेम ८५ चा. उंचीत दोघं सारखेच, म्हणजे लांबून ठोसे मारून वेळ काढणं दोघांनाही जमणार नाही. पहिल्या चार राउंडमध्येच निकाल लागेल.

काकांचा हुकमी एक्का म्हणजे १९५२ ची तेव्हाचा विजेता वॉलकॉट याच्याबरोबरची लढत. पहिल्याच राउंडला खाली पडलेला, गुणांतही मागे असलेला मार्सियानो तेराव्या राउंडला एका उजव्या ठोशात सामना जिंकला. ४९ लढती, ४९ विजय. उलट टायसन १९९० मध्ये टोकियोत डग्लससमोर दहाव्या राउंडला कोसळला. (इथे मी गप्प बसलो, खरं सांगतो.)

आता अडलंय ते नियमांवर. काकांना त्यांच्या काळातले १५ राउंड हवेत, मला १२. जाणकारांनो, सामना कोणत्या नियमांनी धरायचा? आणि वजनातल्या या फरकाचं काय करायचं? शनिवारच्या आत सांगा, सराफ्याला त्याच रात्री जायचंय.