नवं एक्सपान्शन आत्ता घ्यावं, थांबावं, की सोडूनच द्यावं?

मी एक ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळतो. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल. मूळ गेम आणि पहिलं एक्सपान्शन (गेमला जोडून वेगळा विकला जाणारा नवा भाग) माझ्याकडे आहे, दुसरं घेतलं नाही आणि आता तिसरं आलंय.

अडचण अशी, की पहिल्यात आठवडेच्या आठवडे रेड (बऱ्याच जणांनी मिळून करायची मोठी लढाई) मारून मिळवलेली जांभळी, म्हणजे दुर्मिळ दर्जाची, तलवार दुसरं आल्याबरोबर भंगारात गेली. नव्या भागातले पहिले चार क्वेस्ट (गेममधल्या कामगिऱ्या) केले की तिच्यापेक्षा सरस हिरवी, म्हणजे साध्या दर्जाची, तलवार हातात पडते म्हणे. जुन्या डन्जनसाठी (गटाने मिळून खेळायच्या भागासाठी) रांगेत उभं राहिलं तर हीलर, म्हणजे गटाला बरं करत राहणारा खेळाडू, मिळता मिळत नाही. तिसऱ्याचंही हेच होणार असेल, तर पैसे का घालवायचे? आणि कथेसाठी मधलं दुसरं घेणं गरजेचं आहे का? खेळायला रात्री तासभरच मिळतो, हेही लक्षात घ्या.

रात्रपाळी: मधलं सुटं घेण्याआधी स्टोअरचं पान नीट वाचा. पुष्कळदा जुनं नव्यातच येतं. फायनल फँटसी १४ चं ताजं एक्सपान्शन घेतलं की आधीची सगळी त्यातच मिळतात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने 2018 मध्ये 'लीजन' या एक्सपान्शनपर्यंतचं सगळं मासिक वर्गणीतच देऊन टाकलं. तलवारीचं म्हणाल तर त्याच गेमच्या 2007 च्या 'बर्निंग क्रुसेड' एक्सपान्शनपासून हेच रडगाणं आहे. पुढे 2020 मध्ये तर 120 लेव्हलवाल्यांना थेट 50 वर आणून बसवलं! तलवार जाणारच, हे धरूनच चालायचं.

कळलाव्या: "थांबा, स्वस्त होईल" हा सल्ला सरसकट देऊ नका. डेस्टिनी २ ने नोव्हेंबर 2020 मध्ये मूळ मोहीम (मुख्य कथा) आणि पहिली दोन एक्सपान्शन गेममधूनच काढली. मंगळ, बुध, आयओ, टायटन ही गेममधली ठिकाणं, सगळं गायब. 2022 मध्ये 'फोर्सेकन' या पुढच्या एक्सपान्शनची मोहीमही गेली. लोकांनी पैसे मोजले होते हो! असल्या गेममध्ये थांबणाऱ्याला स्वस्त काय, काहीच मिळत नाही.

रात्रपाळी: मान्य, पण तो प्रकार विरळा. माझा हिशोब सोपा आहे. विचर ३ चं 'ब्लड अँड वाइन' हे एक्सपान्शन 2016 चं आहे, आज खेळलात तरी तसूभर शिळं वाटत नाही, कारण ती एकट्याने खेळायची पूर्ण गोष्ट आहे. तसलं कधीही घ्या, सेलमध्येच घ्या. ऑनलाइनमध्ये मात्र आपण पैसे देतो ते गर्दीचे. पहिले दोन-तीन महिने सगळे एकाच डन्जनमध्ये धडपडत असतात, बॉस (शेवटचा मोठा शत्रू) कसा पाडायचा ते कुणालाच ठाऊक नसतं, खरी मजा तीच. तुमची टोळी पहिल्या दिवसापासून उतरणार असेल तर आत्ता घ्या. एकटेच रात्री तासभर खेळणार असाल तर पुढचं येईपर्यंत खुशाल थांबा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. स्टोअरवर पाहिलं, तिसऱ्यात दुसरं येतंच, म्हणजे तो प्रश्न मिटला. गिल्डमधल्या (आमच्या खेळाडूंच्या गटातल्या) दोन्ही हीलरना विचारलंय, ते उतरले तर घेईन. अजून एक सांगा: सोबत लेव्हल बूस्ट, म्हणजे पात्राला थेट वरच्या लेव्हलवर नेणारी सोय, फुकट देतायत. तो वापरला तर मधल्या कथेचे क्वेस्ट नंतर करता येतात, की ते आपोआप पूर्ण झालेले दाखवतात?