फायबर पोस्ट क्राऊनसकट निघून येते: बाँड कुठे तुटतो?

प्रश्न: दंतपेटी_कराड

वरचा लॅटरल (12 नंबरचा, मधल्या दाताशेजारचा पुढचा दात). आरसीटीनंतर (रूट कॅनालनंतर) फायबर पोस्ट (मुळात बसवायची काचतंतूंची काडी), कॉम्पोझिट कोअर (तिच्यावरचा दाताचा गाभा) आणि पीएफएम क्राऊन (धातूवर पोर्सिलेनची टोपी). वर्षभरात तिन्ही एकसंध बाहेर. मूळ शाबूत, तडा नाही, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काही नाही. लूपखाली (भिंगाखाली) पाहिलं तर पोस्टवर सिमेंटचा थर जसाच्या तसा चिकटलेला आहे, कॅनालची (मुळातल्या पोकळीची) भिंत मात्र कोरी आणि चकचकीत.

वापरलेली पद्धत: झिंक ऑक्साइड युजेनॉल सीलर (कॅनाल सील करायची पेस्ट; युजेनॉल म्हणजे लवंगतेलातला घटक), पीसो रीमर (कॅनाल रुंद करायचं ड्रिल) 2 नंबरपर्यंत, शेवटचं धुणं हायपोक्लोराइटने, 37% फॉस्फोरिक ॲसिड 15 सेकंद, एका बाटलीतलं बाँडिंग, मग ड्युअल क्युअर (लाइटने आणि रासायनिक क्रियेने, दोन्हींनी सेट होणारं) रेझिन सिमेंट लेंट्युलोने (सिमेंट आत फिरवणाऱ्या स्प्रिंगने). सिमेंट बदलू की पोस्ट? आणि पेशंट "किती वर्षं टिकेल?" विचारतो, त्याला काय सांगायचं?

उत्तर 1: एंडो_नागपूर

निघालेली पोस्ट लूपखाली पाहिलीत हे उत्तम, निम्मं उत्तर तिथेच आहे. सिमेंट पोस्टवर आणि भिंत कोरी, म्हणजे बाँड डेन्टिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) बाजूने सुटला. उलट असतं, म्हणजे सिमेंट कॅनालमध्ये आणि पोस्ट स्वच्छ, तर पोस्टच्या पृष्ठभागाकडे बोट दाखवता आलं असतं. इथे पोस्टचा ब्रँड बदलून काही होणार नाही.

तुमच्या पद्धतीत डेन्टिनचा बाँड मारणाऱ्या चार गोष्टी एकत्र आल्यात.

भिंत चकचकीत दिसते, तिथे बहुतेक वेळा गटा पर्चा (कॅनाल भरायचं रबरासारखं द्रव्य) आणि सीलरची पातळ फिल्म असते. पीसो गटा पर्चा कापतो तसा उष्णतेने भिंतीवर सारवतोही. त्या फिल्मवर कोणतंही सिमेंट लावा, ते डेन्टिनला चिकटलेलंच नसतं.

त्यात युजेनॉल. ते रेझिनचं पॉलिमरायझेशन (घट्ट होणं) अडवतं. अल्कोहोलने पुसून समाधान मानू नका. सीलरने माखलेला डेन्टिनचा वरचा थर ड्रिलने हलकेच खरवडून काढणं हाच खात्रीचा मार्ग.

हायपोक्लोराइट शेवटी ठेवलं की मागे ऑक्सिजन उरतो, आणि तोही रेझिन नीट घट्ट होऊ देत नाही. क्रम असा ठेवा: हायपोक्लोराइट, 17% ईडीटीए (भिंतीवरचा चुरा विरघळवणारं द्रावण) एक मिनिट, मग भरपूर सलाइन. 10% सोडियम ॲस्कॉर्बेटने बाँड बराच सावरतो, पण रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ते ताजं बनवत कोण बसणार?

चौथी गोष्ट बाटली. एका बाटलीतली बहुतेक बाँडिंग आम्लधर्मी असतात, आणि ते आम्ल ड्युअल क्युअर सिमेंटमधलं अमाइन (केमिकल क्युअर सुरू करणारा घटक) निकामी करतं. वर लाइट पोचतो तिथे चालून जातं. सहा-सात मिलिमीटर खाली सिमेंट केमिकल क्युअरवरच अवलंबून असतं आणि नेमकं तेच मंदावतं. त्याच कंपनीचं ड्युअल क्युअर ॲक्टिव्हेटर मिसळा, नाहीतर ही पायरीच टाळा.

वर सी-फॅक्टर (चिकटलेल्या पृष्ठभागाचं मोकळ्या पृष्ठभागाशी प्रमाण). पोकळीत भरताना तो 1 ते 5 असतो, अरुंद कॅनालमध्ये 200 च्याही पुढे जातो. सिमेंट आकसतं आणि ताण सैल व्हायला मोकळा पृष्ठभागच उरत नाही.

उत्तर 2: प्रोस्थो_ठाणे

एंडो सरांचं सगळं मान्य, तरी फेरूल (क्राऊनने कवेत घेतलेला निरोगी दाताचा पट्टा) किती होतं हे कुणी विचारलंच नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, असं नको व्हायला.

क्राऊनने निरोगी डेन्टिनला चहूबाजूंनी निदान 1.5 ते 2 मिमी उंच आणि 1 मिमी जाड कवेत घ्यायला हवं. वरच्या पुढच्या दातावर चावण्याचा जोर पॅलेटल (टाळूकडच्या) बाजूने येतो आणि क्राऊन ओठाकडे ढकलला जातो, म्हणून पॅलेटल फेरूल सर्वांत मोलाचं. ते नसलं की प्रत्येक घासाला क्राऊन केसभर हलतो, आधी मार्जिनवरचं (क्राऊनच्या कडेचं) सिमेंट फुटतं, लाळ आत शिरते आणि मग पोस्टची पाळी. बाँड तिथे फक्त दिवस ढकलतो.

दंतपेटी_कराड

पॅलेटल फेरूल जेमतेम 1 मिमी, मेझियल (मधल्या दाताकडच्या) बाजूला शून्य. मुळाची लांबी 13 मिमी, पोस्ट आत 7 मिमी.

प्रोस्थो_ठाणे

मग उत्तर मिळालं. खाली 5 मिमी गटा पर्चा ठेवूनही पोस्ट 8 मिमी नेता येते, पण त्या एका मिलिमीटरने फार फरक पडणार नाही. फेरूल मिळवा. लॅटरलला क्राऊन लेंग्थनिंग (हिरडी-हाड कापून दात उघडा करणं) केलं तर हिरडीची रेषा बिघडते आणि शेजारच्या दाताचं हाडही जातं, त्यामुळे ऑर्थोडोन्टिक एक्स्ट्रूजन (तारेने मूळ हळूहळू बाहेर ओढणं) बरं. मात्र मूळ 3-4 मिमी बाहेर ओढल्यावर हाडात किमान क्राऊनच्या उंचीइतकं उरायला हवं. तेवढं उरत नसेल तर दात काढण्याची चर्चा आत्ताच करा.

उत्तर 3: रेझिन_कोल्हापूर

नवीन पोस्ट बसवताना माझा कल सेल्फ-ॲडहेसिव्ह (वेगळ्या बाँडिंगशिवाय चिकटणाऱ्या) सिमेंटकडे, कारण पायऱ्या कमी म्हणजे खोलवर चुकायच्या जागा कमी. त्याआधी फॉस्फोरिक ॲसिड लावू नका. हे सिमेंट दाट असतं, एच केलेल्या (ॲसिडने उघड्या पडलेल्या) कोलॅजनच्या जाळीत मुरत नाही. कॅनाल पेपर पॉइंटने टिपा, हवा मारून कोरडाठक करू नका.

लेंट्युलो सोडा. त्याने सिमेंट लवकर सेट होऊ शकतं आणि पोस्ट अर्ध्यात अडकते. बऱ्याच सेल्फ-ॲडहेसिव्ह सिमेंटच्या पत्रकात तशी मनाईच आहे. लांब बारीक टिप तळाशी टेकवा, ती सिमेंटमध्ये बुडालेलीच ठेवून हळूहळू वर या, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. सगळं रबर डॅमखाली (लाळ अडवणाऱ्या रबरी पडद्याखाली).

पोस्ट ट्राय-इन झाल्यावर (बसवून पाहिल्यावर) अल्कोहोलने पुसा, सिलेन (काच आणि रेझिन जोडणारं द्रावण) एक मिनिट, मग वाळवा. हायड्रोफ्लोरिक ॲसिड पोस्टला कधीच नाही, काचेचे तंतू खाल्ले जातात. खरं सांगायचं तर सिलेनवरून जितका वाद होतो तितका त्याचा प्रभाव नाही: एपॉक्सी मॅट्रिक्सला (तंतू धरून ठेवणाऱ्या रेझिनला) ते चिकटत नाही, उघड्या पडलेल्या तंतूंनाच धरतं.

आता खरवडल्यावर कॅनाल आणखी रुंद होईल आणि सिमेंटचा थर जाड. जाडी भरून काढायला जाडी पोस्ट घालून डेन्टिन कापू नका. कॅनालला ग्लिसरीन जेल लावा, सिलेन केलेल्या पोस्टवर कॉम्पोझिट चढवून आत बसवा, 20 सेकंद लाइट, अलगद बाहेर काढून पूर्ण क्युअर. जेल नीट धुवा आणि मग ही मापाची पोस्ट सिमेंट करा.

एंडो_नागपूर

एक राहिलं. क्राऊन पडण्याआधी किती दिवस हलत होता ते पेशंटला नीट विचारा. आठवडेच्या आठवडे लाळ आत जात असेल तर उरलेला गटा पर्चाही दूषित समजा. एक्स-रे स्वच्छ असला तरी आधी री-आरसीटी, या वेळी युजेनॉल नसलेल्या सीलरने. टेम्पररी क्राऊनचं सिमेंटही युजेनॉल-फ्रीच.

प्रोस्थो_ठाणे

वर्षांचा आकडा पेशंटला देऊ नका. पूर्ण फेरूल असलेला दात आणि हा दात यांना एक आकडा लागू होत नाही. एवढं मात्र सांगा की पोस्ट सुटली, मूळ वाचलं. इथे जाड धातूची पोस्ट असती तर मूळ उभं चिरण्याची भीती जास्त होती, आणि चिरलेलं मूळ काढावंच लागतं.