मदत हवी आहे: विजेच्या पॅनेल रूमच्या दाराला पॅनिक बार (आतून ढकलला की दार उघडणारा आडवा दांडा) कसा बसवायचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. नवी पॅनेल रूम होतेय, मेन ब्रेकर 1000 अँपिअरचा. दार मात्र आत उघडणारं, वर आडवी कडी. जुन्या रूमचंही तसंच होतं. गेल्या महिन्यात तिथं केबलचा लग (टोकाची जोडणी) जळाला, धुरात वायरमनला कडीच सापडेना. कशीबशी निघाली, तर आम्ही बाहेरून ढकलतोय आणि तो दाराला चिकटून उभा! थोडक्यात वाचला.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर त्यांच्या एनईसीवर (तिथल्या वीज जोडणीच्या नियमावलीवर) बोट ठेवतो: 800 अँपिअर किंवा त्याहून मोठं पॅनेल असेल, तर कामाच्या जागेपासून 25 फुटांच्या आत येणारी माणसांची दारं बाहेर उघडणारी आणि पॅनिक बारवाली हवीत. (2014 च्या आवृत्तीआधी ही मर्यादा 1200 होती.) मला पटलंय, दार फिरवतोच.

अडचण अशी की पॅनेल आत न्यायला दार दोन झडपांचं केलंय. बार दोन्ही झडपांना लावलात की एकाच? बाहेरून किल्ली, आतून नुसता धक्का, असं कुलूप कुणी बसवलंय का? आमच्याकडे सुताचा फुफाटा फार, लॅचमध्ये तंतू अडकतात का? कुणाच्या कारखान्यात असेल तर येऊन बघतो, चहा माझ्याकडून.