हंटिंग बूट सह्याद्रीत रगडून वापरले तर टिकतील का?

रानजाई

नमस्कार. मी कोयना-चांदोलीच्या अंगाच्या गावांत देवरायांची पाहणी करते. काम बाराही महिने चालतं. पावसाळ्यात जळवा आणि शेवाळलेला कातळ, दिवाळीनंतर कारवीतून वाट काढणं, आणि उन्हाळ्यात सड्यावरचा जांभा. जांभ्यावर तर कुठल्याही सोलची नक्षी बघता बघता सपाट होते.

आत्ताच्या ट्रेकिंग शूजचा सोल चवड्यापाशी सुटला. सुतळीने बांधून गावापर्यंत उतरले. मोचीदादांनी सोल्यूशन लावून चिकटवून दिला, पण महिनाभरही धरला नाही.

काका अमेरिकेतून येणार आहेत. त्यांच्याकडे शिकारीचे बूट मिळतात: आठ-दहा इंच उंच, जाड चामडं, वॉटरप्रूफ. दुकानदार म्हणतो, "आयुष्यभर बघायला नको." फुरसं आणि घोणस यांच्यामुळे मला उंच बूट हवेच आहेत. पण किंमत ऐकून छातीत धडकी भरते. कुणी हे बूट खरोखर झिजेपर्यंत वापरलेत का? आधी काय जातं, आणि आपल्या हवेत ते चालतील का?

गडवाट_पुणे

ताई, पावसाळ्यासाठी तरी एवढे पैसे घालू नका. जुन्या बाजारात मिळतात ते हिरवे कापडी हंटर शूज घ्या. पाणी आत येतं, पण चालता चालता निघूनही जातं. रात्री चुलीपासून लांब टांगले की सकाळी जेमतेम दमट असतात. तळवा पातळ आहे, दगड टोचतात, म्हणून आत वेगळा जाड सुखतळ घाला. फाटले तर नवीन घ्यायला जिवावर येत नाही.

स्नेककाठचा

रानजाई, मी मूळचा वाईचा, आता बरीच वर्षं अमेरिकेत, आयडाहो राज्यात बोईसीला आहे. इथे परवाना काढून रीतसर शिकार करता येते, मी करतो, आणि जे आणतो ते घरात शिजतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच उरला नाही आणि ते योग्यच झालं. पण बुटांचं म्हणाल तर हे बूट कसे झिजतात ते मी फार जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. चामडं टिकतं. त्याच्या आत जे कोंबलेलं असतं आणि खाली जे चिकटवलेलं असतं, ते आधी जातं. दुकानदार चामड्याकडे बोट दाखवून आयुष्यभराची भाषा करतो, आणि गिऱ्हाईक सोलकडे बघतच नाही.

इथे बूट सगळ्यात जास्त खाते ती चकोराची शिकार. एल्क, हरीण हे नंतर. चकोर मूळचा आशियातला पक्षी, इथे आणून सोडला आणि रुजला. तो राहतो स्नेक नदीच्या हेल्स कॅन्यनसारख्या दऱ्यांत, उभ्या घसाऱ्यावर. दगड बसाल्टचाच. दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला कोलंबिया नदीकाठचा दीड-पावणेदोन कोटींचा, पण पायाखाली दोघांचं वागणं सारखंच. पांडवगड उतरताना दगड घोट्याकडून घासत जातो ना, तस्सा. चकोर पळताना चढाकडे पळतो आणि उडताना उताराकडे उडतो, त्यामुळे माणूस कुत्र्यामागे दिवसभर वर-खाली करत राहतो. सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत मोसम असतो. तेवढ्यात नवा जोड निकामी झालेले लोक मी पाहिलेत.

पहिली जाते शिलाई. चवड्याच्या दोन्ही अंगांना, जिथे दोन चामडी एकावर एक शिवलेली असतात, तिथला दोरा घसाऱ्याच्या धारेने कापला जातो. चामडं शाबूत आणि दोरा तुटलेला. म्हणून पुढच्या भागात जितके जोड कमी तितका बूट चांगला. बुटाभोवती खालून दीड-दोन इंच रबराची पट्टी वर आलेली असेल तर ती ही जागा वाचवते. असे बूट मुद्दाम बघा. इथले जाणते लोक नवा बूट घरी आणला की आधी सगळ्या शिलाईवरून युरेथेनचा पारदर्शक गोंद फिरवतात आणि मगच डोंगरात नेतात. खर्च अगदी थोडा, फायदा फार.

दुसरे सोलचे दात. इथे मन घट्ट करून निवड करावी लागते. मऊ रबर ओल्या कातळाला धरतं पण लवकर झिजतं. कडक रबर वर्षानुवर्षं जातं पण शेवाळावर घसरतं. तुम्ही एकट्या-दुकट्या रानात असता. मऊ घ्या आणि झिजला की बदला. सोल ही झिजण्याचीच वस्तू आहे. खोल दातांचा रबरी सोल जन्मालाच मुळी एका अपघातातून आला. १९३५ साली इटलीतल्या पुंटा रासिकावर सहा गिर्यारोहक दगावले. तेव्हाचे हलके, कापडी तळव्याचे बूट त्या हवेत कामाचे नव्हते. त्यानंतर विताले ब्रामानी यांनी रबरी सोल घडवला आणि १९३७ पासून तो 'व्हिब्रम' म्हणून ओळखला जातो. तो बनला पाय धरून ठेवण्यासाठी; किती वर्षं टिकेल हा हिशोब नंतरचा.

आता वॉटरप्रूफबद्दल, कारण तुमचे पैसे इथेच जाणार आहेत. चामड्याच्या आत एक पातळ पडदा असतो. गोअर-टेक्स त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा. बाहेरचं पाणी आत येत नाही, आतली वाफ बाहेर जाते. पण वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी आणि थंड लागते. इथे ऑक्टोबरात बर्फ भुरभुरत असताना तो पडदा झकास काम करतो. जुलैत कोयनेला हवा पाण्याने भरलेली, पाय घामेजलेला. वाफ जाणार कुठे? आणि ओढ्यात गुडघाभर उतरलात की वरून शिरलेलं पाणी त्याच पडद्यामुळे आत अडतं. असा बूट तुमच्याकडच्या पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही, आतून कुबट होतो, पायाची सालं निघतात. शिवाय पडदा फाटतो तो टाचेपाशी आणि पाय वळतो त्या घडीवर, म्हणजे वापर जितका जास्त तितका लवकर. पडदा गेला की वॉटरप्रूफ म्हणून दिलेले पैसे गेले. बूट मात्र उरतो.

अस्तराबद्दल एकच. बुटावर ४००, ८०० असे ग्रॅमचे आकडे असतील तर ती आत भरलेली ऊब आहे, चौरस मीटरला इतके ग्रॅम या हिशोबाची. बर्फात झाडावर तासन् तास बसून राहणाऱ्या माणसासाठी ती असते. चालणाऱ्या माणसाला ती आयडाहोतसुद्धा नको असते.

पण सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. बऱ्याच चांगल्या, महाग बुटांत बाहेरचा रबरी सोल आणि चामडं यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका फोमसारख्या प्लास्टिकचा, थर असतो. चालायला फार सुखाचा. पण हवेतल्या ओलाव्याने हा थर आतल्या आत तुटत जातो, रसायनशास्त्रात त्याला जलविघटन म्हणतात. उष्णता आणि दमटपणा असेल तर आणखी वेगाने. साधारण पाच ते आठ वर्षांत तो बिस्किटासारखा भुगा होतो, आणि *बूट कपाटात ठेवला असला तरी होतो*. उलट नियमित वापरलेला बूट जास्त जगतो, कारण दाबाने आतला ओलावा बाहेर ढकलला जातो. तुमच्याकडे टाळेबंदीनंतर माळ्यावरून काढलेले बूट पहिल्याच चढाला सोल टाकून बसले असतील, त्यामागे बहुतेक हेच होतं. म्हणून जपून ठेवू नका. आणि सेलमधला स्वस्त जोड घेण्याआधी तो कधी बनलाय ते बघा. जिभेमागच्या किंवा आतल्या लेबलवर बऱ्याचदा महिना-वर्ष छापलेलं असतं. दुकानात चार वर्षं पडलेला बूट तुमच्या घरी चार वर्षांचा म्हणूनच येतो. ईव्हीए फोमचा थर असा भुगा होत नाही, फक्त दबून चपटा होतो.

जोड सुटण्याची ही गोष्ट जुनी आहे. १९१२ मध्ये मेन राज्यातल्या लिऑन लिऑनवुड बीन यांनी शिकारीसाठी खाली रबर आणि वर चामडं असा बूट काढला. पहिले १०० जोड विकले, त्यातले ९० परत आले, कारण रबर आणि चामड्याची शिवण उसवली. त्यांनी सगळ्यांचे पैसे परत केले, कर्ज काढलं, बूट सुधारला आणि त्यावरच एल. एल. बीन ही कंपनी उभी राहिली. शंभरेक वर्षांनंतरही बूट हातात घेतला की मी आधी तोच जोड बघतो: दोन वेगळ्या वस्तू एकत्र येतात ती जागा.

तुमच्या कामाला मी म्हणेन: ऑक्टोबर ते मे साठी पडदा नसलेला, अस्तर नसलेला, आठ इंची चामड्याचा, शिवलेल्या सोलचा बूट. पावसाळ्याला गडवाट म्हणतात ते अगदी बरोबर. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याचा जंगलबूट होता त्याला तळव्याच्या वर, आतल्या बाजूला पाणी बाहेर पडायला जाळीची भोकं ठेवली होती. उष्ण, ओल्या रानात पाणी अडवण्यापेक्षा ते बाहेर काढून देणं शहाणपणाचं, हे तेव्हाच कळलं होतं.

आरी_दोरा

कोल्हापुरातनं लिहितोय. घरचं काम चपला-बूट दुरुस्तीचंच. वर काकांनी लिवलंय त्यातलं सोलचं सगळं बरोबर हाय, आमच्याकडं भुगा झालेले बूट पोत्यानं येत्यात.

दोन गोष्टी सांगतो. एक, सोलच्या कडेनं टाके दिसले म्हणून फसू नका. नुसत्या नक्षीचे टाके पण असत्यात. बूट उलटा करा, खालच्या बाजूला पण खाचेत दोरा दिसला तर शिलाई खरी. तसा बूट आमच्यासारखा माणूस सोल काढून परत बसवून देतो. दोन, चिकटवलेल्या सोलला कडेनं आरीनं शिवून घ्यायचं असंल तर बूट नवा असताना घ्या, सुटायची वाट बघू नका. पण आत पडदा असंल तर आरीनं भोकं पडणार, पाणी येणार. मग वॉटरप्रूफ इसरायचं.

आणि ताई, पावसाळ्यात चामड्याचा बूट पिशवीत बांधून ठेवू नका. बुरशी चामड्यावर येतीय ती पुसून निघती, पण सुती दोरा असंल तर तो कुजतो. नायलॉनच्या मेणदोऱ्यानं फिरवून घ्या. ओला बूट चुलीम्होरं ठेवला की चामडं आवळतं आणि चीर पडती. आत वर्तमानपत्राचे बोळे, दोन-तीनदा बदलायचे, आणि वाऱ्यावर सावलीत.

रानजाई

तिघांचेही मनापासून आभार. आरी_दोरा दादा, आमच्या मोचीदादांनी सोल लावताना जुनं सोल्यूशन खरवडलं नव्हतं, त्याचा काही संबंध?

स्नेककाठचा काका, बूट आणणाऱ्या माझ्या काकांना मी नेमकं काय सांगू? आणि सापाचं राहिलं. जाड चामडं पुरतं का? तेलाबद्दलही सांगा, इथे कुणी एरंडेल सांगतं, कुणी खोबरेल.

आरी_दोरा

तोच संबंध. जुना थर पुरा खरवडून, घासून, दोन्हीकडं पातळ हात मारून, हाताला चिकटायचं थांबंपर्यंत वाळवायचं आणि मग ठोकायचं. घाई केली की सुटतंय.

स्नेककाठचा

खोबरेल, एरंडेल दोन्ही नको. तेलाने चामडं नरम पडतं, घोट्याचा आधार जातो आणि शिवणीची भोकं मोठी होतात. मेणाचं पॉलिश घ्या, मधमाशीच्या मेणाचं मिळालं तर उत्तम. बूट धुऊन, थोडा दमट असताना बोटांनी चोळा, पाय वळतो त्या घडीवर जास्त. माती निघाल्याशिवाय लावू नका, कारण चामड्याच्या भेगांत अडकलेली बारीक मातीच त्याला आतून कापत असते.

सापाचं: फुरसं लहान, दात छोटे, जाड चामडं त्याला बऱ्यापैकी आडवं येतं. घोणशीचे दात लांब असतात, आणि बुटाच्या वर पोटरी उघडीच राहते. बुटावरून सैल, जाड कापडाची पँट सोडा आणि काठी पुढे टाकत चाला. फक्त बुटाच्या भरवशावर गवतात पाय टाकू नका.

काकांना हे जसंच्या तसं पाठवा: आठ इंच उंची, पडदा नाही, अस्तर नाही, पुढे जोड कमी, भोवती रबरी पट्टी, खालून दिसणारी शिलाई, मऊ रबर, लेबलवर अलीकडची तारीख. मापासाठी संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, जाड मोजे घालून पावलाचा आकार कागदावर काढा आणि सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी कळवा. उतारावर अंगठा पुढे आपटायला नको, म्हणून पुढे बोटभर जागा हवी. अमेरिकेतल्या बायकांच्या बुटांचे आकडे वेगळे असतात, तेव्हा नुसता नंबर सांगू नका. दुकानात उताराची छोटी फळी ठेवलेली असते; घरात तुमच्या मापाचं कुणी असेल तर त्यांना त्यावर उभं करून बघायला सांगा.

आल्यावर आधी शिलाईवर गोंद, मग काही दिवस गावातल्या रस्त्यावर वापर, आणि टाच न सोलता दिवस निघाला की मग चांदोली.